बोर्ड रंगवून झाला, आणि बोर्ड गाडीतनं उतरलं

*टीचर, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय 23. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बेळगावात बीकॉम. आठ महिने झाले, उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात कामाला लागलो. मागच्या महिन्यात हेड ऑफिसकडनं मेल आला: 'द बोर्ड इज कमिंग ऑन थर्सडे. प्लीज गेट एव्हरीवन ऑन बोर्ड बिफोर दॅट.' साहेब गावाला गेले होते. मला वाटलं, बोर्ड म्हणजे गेटवरचा बोर्ड. नवीन कायद्याप्रमाणं कन्नड मोठं आहे का नाही बघायला कोणतरी येणार. पेंटरला बोलावून बोर्ड रंगवून घेतलो. आणि 'एव्हरीवन ऑन बोर्ड' म्हणजे सगळ्यांची नावं बोर्डावर पाहिजेत असं वाटून नोटीस बोर्डावर सव्वाशे कामगारांची यादी लावलो. गुरुवारी गाडीतनं पाच डायरेक्टर उतरले. साहेब सगळ्यांसमोर हसले. त्या रात्री डिक्शनरी घेऊन बोर्डाचे 28 अर्थ वहीत उतरून काढलो. पाठ होईनात. एकेका शब्दाला इतके अर्थ असले तर इंग्लिश शिकायचं कसं? आई म्हणते, तुला मराठी शाळेत घातलं तिथंच चुकलं.*

*ता. क. धाकट्या भावाला पुण्याच्या एका कंपनीचा मेल आलाय. खाली लिहिलंय, 'वेलकम अबोर्ड.' त्याला कुठं चढायला सांगितलंय?*

तुझं पत्र जसंच्या तसं छापायला दिलंय, 'यादी लावलो' आणि 'उतरून काढलो' यांसकट. पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील, हा मुलगा की मुलगी? विचारू देत. बेळगावात बायका अशाच बोलतात. मीही घरी 'आलो, गेलो' म्हणते आणि लिहायला बसले की 'आले, गेले' होते. तीस वर्षं मराठी शाळेत इंग्लिश शिकवलं, तरी ती सवय गेली नाही. घालवावीशीही वाटली नाही.

आता तुझा मेल. दोन वाक्यं, दोन बोर्ड, आणि दोन्ही वेगवेगळे. पहिलं बोर्ड म्हणजे डायरेक्टर मंडळी. दुसऱ्याचा अर्थ असा, की गुरुवारी काय ठरणार आहे ते सगळ्यांच्या कानावर घाला, कुणाची कुरकुर असेल तर ती आधीच मिटवा, सगळे एका विचाराचे असू देत. मेल लिहिणारा जरा जपून लिहिता तर 'डायरेक्टर्स' असा सरळ शब्द वापरता. पण हेड ऑफिसमधली माणसं बेळगावात बसून मेल लिहीत नाहीत.

बेळगावात हा शब्द कानावर पडल्यावर गेटवरचा बोर्ड आधी डोळ्यांसमोर आला नाही असा माणूस मला दाखव. इथं बोर्डावरनं मोर्चे निघतात, बोर्डाला काळं फासलं जातं, 1 नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव जवळ आला की दुकानदार आपल्या बोर्डाकडे एकदा मान वर करून बघून घेतो. 2024 मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून बोर्डावर 60 टक्के कन्नड सक्तीचं केलं, ते तुला ठाऊक होतं. साहेब नसताना कुणाला न विचारता पेंटर शोधून आणलास. तू विचार केलास, पण तो बेळगावच्या बोर्डाचा केलास. मेल दुसऱ्याच बोर्डाबद्दल होता.

तर 28 अर्थ. मला आधी एक सांग, पाटी म्हणजे काय?

आजीनं गोठ्यातनं 'पाटी आण गं' म्हणून हाक मारली तर तू शेण भरायची पाटी घेऊन जातेस. शेजारची कन्नड बोलणारी अक्का त्यालाच बुट्टी म्हणते. पहिलीला घातलं तेव्हा बाबांनी पाटी-पेन्सिल आणली, ती वेगळी. डॉक्टरच्या दारावर पाटी असते, तीही वेगळी. मुकादम कुणाबद्दल म्हणतो, 'नुसत्या पाट्या टाकतोय,' तेव्हा त्या कामचुकार माणसाच्या हातात पाटी असतेच असं नाही, तो ऑफिसात कॉम्प्युटरवर बसलेला असला तरी चालतं. आणि एखाद्या विषयात आपली पाटी कोरी असते. पाच झाले, मी अजून थांबले नाही. हे अर्थ तुला कुणी वहीत उतरून घ्यायला लावले होते? गोठा, शाळा, दार, मुकादम. जागा आणि माणूस बदलला की पाटी आपोआप बदलली, तुला कळलंसुद्धा नाही. आजीनं 'पाटी आण' म्हटल्यावर तू दप्तरातली पाटी घेऊन गोठ्यात गेलीस असं एकदा तरी झालंय का?

इंग्लिश माणसाच्या कानात बोर्डही असंच बसलेलं असतं. फक्त तो गोठा आणि ते दार आपण पाहिलेलं नाही, म्हणून आपल्याला 28 सुटे अर्थ दिसतात.

मुळात बोर्ड म्हणजे फळी. लाकडाची, कापलेली, सपाट. जुन्या इंग्लिशमध्ये 'बोर्ड' हाच शब्द आहे. कॅरम बोर्ड, आपला वर्गातला फळा, नोटीस बोर्ड, भाजी चिरायची फळी, भिंतीवरचा बटणांचा बोर्ड, हे सगळे त्या फळीचेच सख्खे नातेवाईक. यात तुला काहीच अडचण नाही, म्हणून यात मी वेळ घालवत नाही.

गंमत पुढं आहे. दोन लाकडी टेकूंवर फळी टाकली की झालं जेवायचं टेबल. तेव्हा बोर्ड म्हणजे टेबल असाही अर्थ झाला. टेबलावर काय येतं? जेवण. म्हणून बोर्ड म्हणजे जेवण. खडेबाजारात किंवा स्टँडजवळ 'बोर्डिंग अँड लॉजिंग' असं रंगवलेलं तू शंभरदा वाचलं असशील. लॉजिंग म्हणजे राहायला खोली, बोर्डिंग म्हणजे जेवण. फळी कुठल्या कुठं गेली, वरण-भात राहिला. आपल्या आजोबांच्या पिढीत 'मी कोल्हापूरला बोर्डिंगात राहून शिकलो' असं सांगणारे पुष्कळ होते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढत गेले. खेड्यातल्या पोराला शहरात दोन वेळचं ताट आणि झोपायला जागा मिळाली की तो शिकतो, हा त्यामागचा हिशेब. बोर्डिंग या शब्दात ते ताट अजून आहे.

मला हे ताट फार महागात पडलं होतं. नवीन नोकरीला लागले तेव्हा आम्ही चौघी शिक्षिका मे महिन्यात उटीला गेलो. रात्री नऊला एका हॉटेलच्या काउंटरवर पोचलो, मागं भिंतीवर इंग्लिशमध्ये लिहिलेलं, 'फुल बोर्ड.' मी सगळ्यांत पुढं, इंग्लिशची बाई मीच. मैत्रिणींना म्हणाले, चला गं, फुल्लचा बोर्ड लावलाय. बॅगा उचलून थंडीत दीड तास फिरलो. शेवटी एका खोलीत चौघी, ब्लँकेटं दोन. दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलच्या दारात एक कुटुंब निवांत उतरताना बघितलं तेव्हा आत जाऊन विचारलं. फुल बोर्ड म्हणजे खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचं खाणं धरलेलं. त्या अक्षरांच्या शेजारी रुपयांचा आकडा लिहिला होता. हाऊसफुल्लच्या बोर्डावर कधी रेट असतो का? तो आकडा मी बघितला असता तर चौघींना स्वतंत्र पलंग मिळाले असते. त्या मैत्रिणी अजून मला 'फुल बोर्ड' म्हणून फोन करतात.

म्हणूनच तुझ्या साहेबांचं हसणं मी फार मनावर घेत नाही. तूही घेऊ नकोस.

टेबलापासून आणखी एक वाट फुटते. टेबलाभोवती बसून ठरवणारी माणसं, त्यांनाच बोर्ड म्हणू लागले. हे तुला परकं वाटायचं कारण नाही. 'बैठक' घे. बसायला अंथरलेली ती बैठक, त्या खोलीलाही बैठकीची खोली, आणि तिथं जमून जे बोलणं होतं तीही बैठक. वस्तू, जागा, माणसं, काम, सगळं एका शब्दात. टेबल ते डायरेक्टर हा प्रवास इतकाच आहे. सरकारी मराठीत आपण या बोर्डाला मंडळ म्हणतो. कन्नडमध्ये 'मंडळि' म्हणजेही तेच, आडळित मंडळि, परीक्षा मंडळि. आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका कन्नड सरांना कुणीतरी विचारलं, 'तुमची मंडळी कुठं असतात?' सर म्हणाले, बेंगळूरला, मल्लेश्वरमला. विचारणाऱ्याला वाटलं, बायको-मुलं तिथं ठेवलीत. सर दहावीच्या परीक्षा मंडळाचा पत्ता सांगत होते.

तू ज्या बोर्डाची परीक्षा दिलीस ते हेच. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात अशी बोर्डं अजून जिवंत आहेत. 1956 पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा खेड्यातल्या शाळा लोकल बोर्डाच्या असत. आजोबांना विचार, 'बोर्डाची शाळा' म्हणतील. वीज बोर्डाची म्हणजे केईबीची होती, 1999 ला ते नाव कागदावरनं गेलं, आता हेस्कॉम ही वीज कंपनी आहे. आमच्या गल्लीत मीटर बघायला येणारा मात्र अजून केईबीवालाच. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. या एकाही बोर्डाला खिळे मारून भिंतीवर टांगता येत नाही.

आणि बघ, तुझ्या कानानं हा फरक आधीच केलेला आहे. गेटवरचा तो बोर्ड, 'बोर्ड पडला.' परीक्षेचं ते बोर्ड, 'बोर्ड म्हणालं, पेपर पुढं ढकलला.' एकाला तो, एकाला ते. इंग्लिशमध्ये नसलेली सोय मराठीनं करून ठेवलीय आणि आपण ती रोज वापरतो.

राहिला तिसरा फाटा, जहाजाचा. जुन्या इंग्लिशमध्ये जहाजाच्या कडेलाही बोर्ड म्हणत. ती कड ओलांडून आत गेलं की माणूस 'ऑन बोर्ड.' पुढं आगगाडी आली, बस आली, विमान आलं, शब्द तोच राहिला. रात्रीच्या स्लीपरचं तिकीट काढतेस त्यावर 'बोर्डिंग पॉइंट' असतो, सांब्र्याच्या विमानतळावर 'बोर्डिंग पास' देतात. हे चढण्याचं बोर्डिंग, मघाचं जेवणाचं. स्टँडवर दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, एक तिकिटावर, एक भिंतीवर. आणि एका जहाजात बसलेल्यांना एकाच दिशेला जावं लागतं, म्हणून कामात सामील असणं, पटलेलं असणं म्हणजेही ऑन बोर्ड. तुझे सव्वाशे कामगार यादीत नव्हे, या जहाजात बसवायचे होते.

आता कामाचं सांगते, आणि हे मात्र नीट बघ. तू 'बोर्ड' वाचलंस, त्याच्या आजूबाजूचं वाचलं नाहीस. तुझ्याच मेलमध्ये पहिल्या बोर्डाआधी 'द' आहे आणि पुढं 'इज कमिंग.' येतंय कोण? फळी येत नाही, माणसं येतात. बोर्डानं ठरवलं, बोर्ड भेटलं, बोर्डानं नाकारलं, असं क्रियापद दिसलं की समोर खुर्च्या आहेत असं समज. दुसऱ्या ठिकाणी 'ऑन बोर्ड', मध्ये काहीच नाही. ना 'द', ना 'अ'. 'ऑन' आणि 'बोर्ड' एकमेकांना चिकटून बसलेत. अशी चिकटलेली जोडी दिसली की बहुतेक वेळा जहाज, गाडी किंवा मनानं सामील होणं. मध्ये 'द' शिरला की सगळं बदलतं. 'युवर नेम इज ऑन द बोर्ड', तुझं नाव फळ्यावर लिहिलंय. 'शी इज ऑन द बोर्ड', ती बाई डायरेक्टर आहे, तिला खुर्ची दे. हे दोन पुन्हा कसे ओळखायचे? नाव लिहिलं जातं, बाई लिहिली जात नाही. 'ऑन बोर्ड द ट्रेन' यातला 'द' बोर्डानंतर आलाय, तो गाडीचा, त्याला फसू नकोस. वर्गात मी मुलींना सांगायची, 'द'कडे बघा, तो एवढासा आहे म्हणून त्याला ओलांडून जाऊ नका. मराठीत 'द' नाही, म्हणून आपली नजर त्याच्यावरनं घसरते. तुझी चूक एकाच अक्षराएवढी होती.

ऑफिसात आणखी दोन-तीन भेटतील. 'अक्रॉस द बोर्ड' म्हणजे सरसकट, पगारवाढ अशी झाली तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे उघड व्यवहार. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे. आपण लाचेला टेबलाखालून म्हणतो, ते याच्या अगदी उलट, हे एकदा लक्षात आलं की विसरत नाही. 'कबर्ड'सुद्धा मुळात 'कप-बोर्ड', कप मांडायची फळी, आणि आपल्याकडे त्यात साड्या. बाकीचे जेव्हा समोर येतील तेव्हा बघ. नाटकवाल्यांचे, घोड्यांच्या शर्यतीचे, वहीत आहेत तिथंच राहू देत. फौंड्रीच्या मेलमध्ये ते येणार नाहीत.

वही फाडू नकोस. उलट्या बाजूनं सुरू कर. एका पानावर एक वाक्य, जसं आलं तसं, अख्खं. कुणी लिहिलं, कधी, तू काय समजलीस, खरं काय निघालं. 'बोर्ड म्हणजे संचालक मंडळ' असं लिहिलेलं पंधरा दिवसांत जातं. 'गुरुवारी पाच जण गाडीतनं उतरले' हे तू म्हातारी होईपर्यंत जाणार नाही. आमच्या शाळेत पाठांतराच्या स्पर्धा जिंकलेल्या मुली मी बँकेच्या फॉर्मसमोर अडलेल्या बघितल्यात. आणि उटीला स्वतःलाही बघितलंय.

शंका आली तर विचारायचं. पण 'सर, बोर्ड म्हणजे काय?' असं नको, त्यानं समोरच्याला वाटतं हिला काहीच कळलं नाही. आपल्याला काय वाटलं ते घालून विचारायचं. 'गुरुवारी डायरेक्टर येणार आहेत ना? किती जण? जेवण सांगू का?' एवढा एक फोन. बरोबर असलं तर तू हुशार ठरतेस, चुकलं तर पेंटरचे पैसे वाचतात. साहेब गावाला असले तरी फोन घेऊन गेले असतील.

तुझ्या आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी त्यांच्या घरात बोलणारी कोण. एवढंच सांगते, की मराठी माध्यमातली मुलगी इथं शाळेत कन्नडही शिकते. फळा आणि फळी हे संस्कृत फलकापासून आले, आणि शेजारच्या वर्गात कन्नड मुलं ज्याला 'कप्पु हलगे' म्हणायची तो हलगे शब्दही त्यातनंच. एका फळीची तीन भाषांतली नावं तुला आधीच येत होती. चौथ्या घरी ती टेबल झाली आणि जहाज झाली, एवढंच तुला कुणी सांगितलं नव्हतं. ते शाळेनं सांगायला हवं होतं, हे मान्य. शाळेत मी होते, तेव्हा त्यातला थोडा दोष माझ्याकडे घे.

गेटवरचा बोर्ड नवीन रंगवलाय ना, कन्नड वर आणि मोठं? मग तोही खर्च वाया गेला नाही. कधी ना कधी कुणीतरी तो बघायला येणारच होतं, आणि ते डायरेक्टर नसतील. नोटीस बोर्डावरची यादी मात्र काढून टाक. सव्वाशे माणसं रोज सकाळी तिथं उभी राहून विचार करत असतील की आपण काय गुन्हा केला.

भावाचं. 'वेलकम अबोर्ड' म्हणजे जहाजवाल्यांनी नव्या माणसाचं केलेलं स्वागत. त्याला कुठंही चढायचं नाही, नोकरी लागलीय. त्या मेलमध्ये वर तारीख, पगार आणि काय कागद आणायचे ते असेल, ते त्याला दोनदा वाचायला सांग. राहायची सोय करतो म्हणाले असतील तर 'बोर्डिंग' लिहिलंय का 'लॉजिंग' तेवढं बघ, नाहीतर खोली मिळेल आणि जेवण त्याचं त्याला बघावं लागेल. पुण्याच्या गाडीचं तिकीट त्याचं त्यानंच काढायचं.